ॲडमिरल किलिक

कॅरिबियन म्हटलं की आमच्या विंगमधल्या गप्पा लारा आणि गेलच्या पुढे जात नाहीत. म्हणून मित्रांनो, यावेळी क्रिकेट सोडून तिकडच्याच एका दर्यावर्दीबद्दल लिहितोय. हॅमर्टन किलिक, हैतीच्या आरमाराचा ॲडमिरल.

हैती म्हणजे गुलामांनी फ्रेंचांना हरवून १८०४ साली स्वतंत्र केलेला देश. किलिक तिथेच १८५६ साली जन्मला. १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी पद सोडलं आणि खुर्चीसाठी यादवी पेटली. एकीकडे जनरल नोर आलेक्सी, दुसरीकडे आंतेनोर फिरमँ. हा फिरमँ जबरदस्त विद्वान. सगळे मानववंश समान आहेत हे मांडणारा त्याचा जाडजूड ग्रंथ १८८५ सालीच आला होता. किलिक फिरमँच्या बाजूने गेला, आणि जाताना 'क्रेत-आ-पिएरो' ही युद्धनौकाही घेऊन गेला! पोर्टो प्रिन्सच्या हंगामी सरकारने लगेच त्याला चाचा ठरवलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला 'मार्कोमानिया' हे जर्मन व्यापारी जहाज सरकारसाठी शस्त्रं घेऊन निघालं होतं. किलिकने ते अडवून माल काढून घेतला. त्याच्या दृष्टीने ही शत्रूची रसद होती, पण जर्मनीच्या दृष्टीने सरळ दरोडा. शिक्षा म्हणून जर्मन आरमाराची 'पँथर' निघाली.

६ सप्टेंबर १९०२. गोनाईव्ह बंदरात किलिकचं जहाज नांगरलेलं, खलाशी बरेचसे किनाऱ्यावर. तोफा मोजल्या तर किलिकचंच जहाज भारी होतं, पण तोफा चालवायला माणसं नकोत का? जर्मनांनी शरण यायला थोडाच अवधी दिला. किलिक जहाजावर पोचला, उरलेल्यांना उतरायला लावलं आणि दारूगोळ्याच्या कोठाराला आग लावली. जहाजाचा मागचा भाग उडाला, त्याबरोबर तोही गेला. अंगाला झेंडा गुंडाळला होता असं सांगतात. उरलेल्या सांगाड्यावर 'पँथर'ने तोफा डागल्या.

मला राहून राहून वाटतं, जहाज नुसतं बुडवून पोहत येता आलं असतं की! पण मग पुढे चाचा म्हणून खटला, आणि तोही शत्रूसमोर. त्याने बहुधा हाच हिशोब केला असावा.

फिरमँ मात्र हरला. डिसेंबरमध्ये आलेक्सी राष्ट्राध्यक्ष झाला, फिरमँ परदेशात सेंट थॉमस बेटावर १९११ साली वारला. त्याच वर्षी मोरोक्कोत अगादिरला जाऊन युरोपभर खळबळ उडवणारी नौका कोणती? तीच, 'पँथर'. हैतीच्या तटरक्षक दलाच्या तळाला मात्र किलिकचं नाव दिलं गेलं.