वाल्देमार हाफकिन आणि मलकवालचा चिमटा

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव खानदेशात घरोघरी ठाऊक आहे; ज्यांच्यावरून ते पडले, त्यांची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. वाल्देमार हाफकिन १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मले. ख्रिस्ती झाल्यास तेथील विद्यापीठात जागा मिळण्याजोगी होती. त्यांनी नकार दिला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस सिद्ध केली व १८९३ साली ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला. ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुऱ्या साधनांनिशी काम करून हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाईंचे निधन झाले, याचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. पैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांचे पद गेले. वास्तविक बाटली उघडण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता व पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. जंतुनाशकात चिमटा क्षणभर बुडविल्याने ते मरत नाहीत, साध्या उकळीलाही दाद देत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंशांची वाफ किंवा प्रत्यक्ष ज्योत लागते. जळगाव-धुळ्याच्या शस्त्रक्रियागृहांत परिचारिका असलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनींना हे नित्याचेच आहे.

बाटली परळलाच दूषित झाली असती, तर उघडताच दुर्गंधी आली असती; उघडणाऱ्याला तशी आली नव्हती. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला पाच वर्षे लागली. हाफकिन इंग्रज नव्हते, वैद्यकीची पदवीही त्यांच्याकडे नव्हती. दोष त्यांच्या माथी मारणे सोपे गेले, असे आमचे मत आहे. १९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे त्यांची बाजू मांडली, तेव्हा सरकार नमले. हाफकिन परतले, पण कलकत्त्यास. परळची जागा त्यांना पुन्हा लाभली नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले ते १९२५ साली, आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.