कॉम्प्युटरला फ्रेंचमध्ये हुकूम दिला अन् साहेब हादरले! कोण होत्या ग्रेस हॉपर?

१९५० च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रेमिंग्टन रँड कंपनीच्या साहेबांसमोर एक डेमो झाला. कॉम्प्युटरने आधी इंग्रजी शब्दांत लिहिलेला छोटासा प्रोग्राम चालवला. मग तोच प्रोग्राम फ्रेंचमध्ये आणि नंतर जर्मनमध्ये. काम तेच, उत्तरही तेच.

डेमो देणाऱ्या ग्रेस हॉपर यांना वाटलं, आता बजेट मंजूर होणार. झालं उलटंच. अमेरिकन मशीनला फ्रेंच आणि जर्मन कळतंच कसं, म्हणून साहेब लोक धास्तावले. शेवटी फक्त इंग्रजीच वापरू, असं कबूल करून हॉपर यांना वेळ मारून न्यावी लागली.

खरं तर मशीनला इंग्रजीही कळत नव्हतं, आणि साहेबांच्या डोक्यात नेमकं हेच शिरत नव्हतं.

हॉपर यांच्या टीमने बनवलेल्या या भाषेचं नाव पुढे फ्लो-मॅटिक पडलं. तिचे नियम अगदी मोजके होते. प्रत्येक पायरीला नंबर. सुरुवातीला ठरलेल्या यादीतलं एक क्रियापद. वाक्याचे भाग वेगळे करायला अर्धविराम आणि शेवटी पूर्णविराम. समजा सांगायचंय की या फाइलमधला मालाचा नंबर त्या फाइलमधल्या नंबरशी ताडून बघ, मोठा असेल तर दहाव्या पायरीवर जा, सारखा असेल तर पाचव्या, नाहीतर दुसऱ्या. प्रोग्राम आधी क्रियापद ओळखणार, मग अर्धविरामावर वाक्याचे तुकडे पाडणार आणि प्रत्येक तुकड्याचं मशीनच्या आकड्यांत रूपांतर करणार. वाक्य फोडून त्याचा अर्थ लावणाऱ्या अशा भागाला आज पार्सर म्हणतात. मशीनसाठी शब्द म्हणजे नुसती अक्षरांची रांग. यादीत रोमन लिपीत ‘थांब’ लिहून ठेवलं असतं, तर त्या शब्दावरही ते थांबलं असतं!

हा खटाटोप कशासाठी? तर हॉपर स्वतः गणिताच्या पक्क्या होत्या. १९०६ मध्ये न्यूयॉर्कला जन्म, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची पीएचडी, मग वासर कॉलेजात प्राध्यापकी. पण पगार, साठा आणि बिलं सांभाळणाऱ्या माणसांनी चिन्हांची भाषा का शिकावी, असा त्यांचा सवाल होता.

दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलात गेल्या. वजन कमी भरलं, तरी खास सवलत मिळवून भरती झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क वन या अवाढव्य मशीनवर पोहोचल्या. १९४९ मध्ये त्या युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत आल्या. पुढे रेमिंग्टन रँडने हीच कंपनी विकत घेतली. १९५२ मध्ये त्यांनी ए-झिरो हा कंपायलर तयार केला, तेव्हाही लोक विश्वास ठेवेनात. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहिणार, असं ऐकवलं गेलं. (मशीनमध्ये सापडलेल्या पतंगावरून ‘बग’ हा शब्द त्यांनीच शोधला, असं सोशल मीडियावर फिरतं. तो शब्द त्याआधीपासूनच वापरात होता.)

१९५९ मध्ये सरकार आणि कंपन्यांनी मिळून सगळ्या मशीनवर चालेल अशी व्यवसायाची एकच भाषा ठरवायला घेतली. तीच कोबोल. हॉपर सल्लागार होत्या आणि फ्लो-मॅटिकचा साचा नव्या भाषेत ठळक दिसतो. कोबोलचे प्रोग्राम आजही अनेक बँकांत चालतात.

नौदलाने त्यांना १९६६ मध्ये निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी परत बोलावलं, कारण कोबोलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचा गोंधळ निस्तरायचा होता. हे काम मोजक्या महिन्यांचं होतं, पण त्या १९८६ पर्यंत राहिल्या. रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा वय होतं ७९. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला.