विश्वासाची लस टोचणारा शास्त्रज्ञ

मीरा रोडच्या नयानगरातील मुस्लिम वस्ती, भाईंदरमधील जैन कुटुंबे आणि उत्तनचे ख्रिस्ती कोळीवाडे अशा बहुधर्मी नगरात लसीकरण करणाऱ्या आरोग्यसेविकेला औषधाइतकीच लोकांच्या विश्वासाचीही गरज भासते. हा धडा मुंबई परिसराला सव्वाशे वर्षांपूर्वी वाल्डेमार हाफकिन यांच्या कार्यातून मिळाला.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. परंतु झारशाहीच्या रशियात धर्मांतर केल्याविना ज्यू पदवीधराला प्राध्यापकपद मिळणे दुरापास्त होते. त्यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रारंभी ग्रंथालयात काम करीत त्यांनी संशोधन चालू ठेवले. १८९२ मध्ये पटकीची लस सिद्ध झाल्यावर ती त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढील वर्षी ते भारतात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाले. तेव्हा मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली. मदतीला होते एक कारकून व तीन शिपाई. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

लस सिद्ध झाली, तरी लोकांचा विश्वास मिळवणे बाकी होते. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये सरकारने घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण आरंभले होते. या जुलमातूनच पुण्यात रँडची हत्या झाली. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. पडदा, धर्माचार आणि कुटुंबाची ताटातूट यांची भीती दूर सारून सक्तीने केलेला उपचार अल्पसंख्य समाजांना उपचारापासून अधिकच दूर लोटत होता.

अशा वेळी खोजा इस्माइली समाजाचे तरुण धर्मप्रमुख तिसरे आगाखान हाफकिन यांच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हा त्यांनी विशीही जेमतेम गाठली होती. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि आपली 'खुश्रू लॉज' ही प्रशस्त वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. त्यांचे उदाहरण पाहून समाजातील हजारो स्त्रीपुरुषांनी लस घेतली. एका ज्यू शास्त्रज्ञाच्या विद्येला एका मुस्लिम समाजाने आपल्या घराचे दार उघडले. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

दुर्दैवाने १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पद गमवावे लागले. दूषितता गावातच बाटली उघडताना शिरल्याचे पुरावे पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते पुन्हा भारतात आले, पण पूर्वीचे स्थान त्यांना लाभले नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसाविषयी मुस्लिम वस्त्यांत संशय पसरला, तेव्हा अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द या संस्था मोहिमेत उतरल्या, मौलवींनीही साथ दिली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. हाफकिन आणि आगाखान यांनी मुंबईत चोखाळलेली वाट ती हीच.