गागोद्याचे विनोबा: पहिले सत्याग्रही

आपल्यापैकी अनेकजण कामानिमित्त खोपोलीहून पेणला जातात. खालापूरला लागून असलेल्या त्या पेण तालुक्यात गागोदे हे छोटे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. तेच आचार्य विनोबा भावे. भूदानाचे विनोबा सर्वांना ठाऊक आहेत, सत्याग्रही विनोबा मात्र आपण विसरत चाललो आहोत.

बालपण गागोद्यात आजोबांच्या छायेत गेले, पुढे वडिलांच्या नोकरीमुळे बडोदा. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेलाच गाडीतून उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी ७ जूनला कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली.

१९३० साली गांधीजींनी मिठाच्या कराविरुद्ध लढा उभारला. कोरड्या भाकरीबरोबरही मीठ लागतेच, त्यामुळे या कराची झळ गरिबाला अधिक. शिरोडा, वडाळा येथे लोकांनी कायदा मोडून मीठ उचलले, लाठ्या खाल्ल्या. काही ठिकाणी जंगल कायदा मोडला गेला. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. १९३२ मध्ये चळवळ पुन्हा पेटली तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी ते गीतेवर प्रवचन देत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. रविवार असाही सार्थकी लावता येतो!

पुढे दुसरे महायुद्ध आले. भारताला न विचारताच सरकारने देशाला युद्धात ओढले. या वेळी गांधीजींना गर्दी नको होती. एकट्याने, सरकारला आधी कळवून, युद्धाविरुद्ध बोलायचे आणि शांतपणे अटक होऊ द्यायची. पहिले नाव त्यांनी निवडले विनोबांचे, नेहरू दुसरे. हे विनोबा कोण, असे लोक विचारू लागले, तेव्हा गांधीजींना लेख लिहून त्यांची ओळख करून द्यावी लागली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा बोलले. चार दिवसांनी अटक झाली. सुटले की पुन्हा बोलत, पुन्हा आत जात. मला तर हे मिठाच्या लढ्याहून अवघड वाटते. हजारोंच्या सोबतीत धीर येतो, एकट्याने तो कुठून आणावा?

बायबलचाही त्यांचा गाढा अभ्यास होता. नव्या करारातील निवडक भाग घेऊन त्यांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे संकलन केले. शत्रूवर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा आपण मिस्सात ऐकतो, पण तिच्यासाठी तुरुंगात जायची तयारी आपल्यापैकी किती जणांची असेल?

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी पहिली शंभर एकर जमीन मिळाली, आणि पुढची कित्येक वर्षे विनोबा देशभर पायी हिंडले. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर टीका झाली, ती अगदीच अनाठायी नव्हती. अखेरच्या आजारात त्यांनी अन्न आणि औषध नाकारले. आपल्या श्रद्धेला हे पटणे कठीण आहे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.