रेडिओवाले मॅक्स ग्रुंडिग

बालमित्रांनो, रेडिओ सर्वांनाच आवडतो. पण रेडिओचा मोठा कारखाना काढणाऱ्या एका गरीब मुलाची गोष्ट तुम्हांला माहीत आहे काय? त्यांचे नाव मॅक्स ग्रुंडिग. आज मी त्यांची माहिती सांगणार आहे.

मॅक्स ग्रुंडिग यांचा जन्म ७ मे १९०८ रोजी जर्मनी देशातील न्यूरेंबर्ग या शहरात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. १९२० साली त्यांचे वडील वारले. तेव्हा मॅक्स अवघा १२ वर्षांचा होता. त्याला धाकट्या बहिणी होत्या. आईने कारखान्यात काम करून मुलांना वाढवले. शाळा झाल्यावर मॅक्स नळजोडणीचे काम करणाऱ्या एका कंपनीत उमेदवार म्हणून लागला. तिथे तो मालाचा हिशेब व व्यापार शिकला.

१९२३ साली जर्मनीत रेडिओचे कार्यक्रम सुरू झाले. मॅक्सला तर रेडिओचे वेडच लागले. तो तारा, गुंडाळ्या घेऊन घरीच रेडिओ जोडत बसायचा. आवाज आला की झाला खूश. आवाज नाही आला तर पुन्हा सगळं सोडायचं आणि पुन्हा जोडायचं.

न्यूरेंबर्गला लागूनच फ्युर्थ नावाचे गाव आहे. जर्मनीतील पहिली आगगाडी १८३५ साली याच दोन गावांमध्ये धावली होती. त्या फ्युर्थमध्ये १९३० साली मॅक्सने एका भागीदाराबरोबर रेडिओचे छोटेसे दुकान काढले. दुकानात रेडिओ विकायचे व बिघडलेले रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओतला ट्रान्सफॉर्मर बरेचदा जळतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडाच्या पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली वस्तू. ती विजेचा दाब कमीजास्त करते. ग्रुंडिग यांनी विचार केला, की आपणच ट्रान्सफॉर्मर का बनवू नयेत? मग त्यांनी ते बनवायला सुरुवात केली व धंदा वाढला.

पुढे १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. विमानांतून बॉम्ब पडू लागले, म्हणून ग्रुंडिग यांनी आपले काम फ्युर्थजवळच्या वाख या खेड्यात नेले. तिथे युद्धासाठी ट्रान्सफॉर्मर बनत होते. त्या कामावर युक्रेन देशातल्या बायकांना जबरदस्तीने आणून लावले होते. त्यांचा देश दूर, घर दूर, आणि मनाविरुद्ध काम. ही गोष्ट काही चांगली नाही. पण ती खरी आहे, म्हणून ती पण सांगितली पाहिजे.

१९४५ साली युद्ध संपले व जर्मनी हरली. शहरांत जिकडे तिकडे दगडविटांचे ढीग पडले होते. लोकांचे रेडिओ मोडले होते किंवा हरवले होते. बातमी ऐकायची सर्वांना इच्छा, पण रेडिओ मिळेना. फ्युर्थवर तेव्हा अमेरिकन लष्कराचा अंमल होता. परवानगी असल्याशिवाय रेडिओ बनवता येत नसे. दुकानातून घ्यायचा तर सरकारी चिठ्ठी लागे. रेशनवर साखर घ्यायला कार्ड लागायचे ना, तसेच.

ग्रुंडिग यांनी आधी रेडिओ दुरुस्तीला लागणारी तपासणीची यंत्रे बनवली. आणि मग १९४६ साली त्यांनी एक मोठी युक्ती केली. त्या काळी रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते दिसायला बल्बसारखे दिसत. व्हॉल्व्ह नसेल तर रेडिओतून आवाजच निघत नाही. ग्रुंडिग यांनी रेडिओचे सगळे सुटे भाग एकत्र करून विकायला काढले, पण त्यात व्हॉल्व्हच ठेवले नाहीत! म्हणजे बैलांशिवाय नुसती गाडीच विकल्यासारखे. व्हॉल्व्ह नाहीत म्हणून त्याला रेडिओ म्हणता येईना. ते झाले मुलांचे जोडाजोडीचे खेळणे. खेळण्याला चिठ्ठी कशाला लागते? लोक ते घेत, घरी जोडत आणि कुठूनतरी व्हॉल्व्ह मिळवून त्यात बसवत. युद्धातल्या यंत्रांचे जुने व्हॉल्व्ह तेव्हा मिळत असत. की लगेच रेडिओ बोलू लागे!

या खेळण्याचे नाव होते हाइन्त्सेलमान. जर्मनीत एक जुनी लोककथा आहे. कोलोन शहरात छोटी छोटी बुटकी माणसे होती. लोक झोपले की ती रात्री गुपचूप येऊन सगळ्यांची कामे करून टाकत. त्या बुटक्यांच्या नावावरून हे नाव ठेवले होते. कोणाला वाटेल, ही तर लबाडी झाली. पण त्यांनी नियम मोडला नाही व कोणाला फसवलेही नाही. पेटीत काय आहे नि काय नाही हे घेणाऱ्याला माहीत होते. मला तरी ही हुशारीच वाटते.

मग काय, कारखाना भराभर वाढला. १९४८ साली कंपनीला ग्रुंडिग हे नाव मिळाले. १९४९ साली त्यांनी हातात धरून नेण्याचा रेडिओ काढला. पुढे टेपरेकॉर्डर व टीव्हीसुद्धा बनवले. युरोपात सर्वांत जास्त रेडिओ बनवणारी कंपनी म्हणून तिचे नाव झाले. १९७९ साली कंपनीत ३८ हजारांवर माणसे कामाला होती. एका दुकानाचे एवढे झाले!

पण सगळे दिवस सारखे नसतात. १९७९ साली ग्रुंडिग व हॉलंडची फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून नवा व्हिडिओ काढला. त्याची कॅसेट उलटी करून दोन्ही बाजूंनी चालत असे. वस्तू चांगली होती, पण उशीर झाला होता. जपानचा व्हिडिओ आधीच घरोघर पोचला होता. कंपनीला तोटा झाला व पुष्कळ कामगारांचे काम गेले. १९८४ साली कंपनीचा कारभार फिलिप्सकडे गेला. स्वतः उभारलेली कंपनी दुसऱ्याच्या हाती देताना ग्रुंडिग यांना किती वाईट वाटले असेल! ८ डिसेंबर १९८९ रोजी ते बाडेन-बाडेन या गावी वारले. २००३ साली कंपनीचे दिवाळे निघाले. नाव मात्र उरले आहे. आता ते तुर्कस्तानातल्या एका कंपनीकडे आहे. फ्युर्थमध्ये ग्रुंडिग यांच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत रेडिओचे संग्रहालय आहे.

मित्रांनो, वडील नसताना, गाव पडलेले असताना ग्रुंडिग रडत बसले नाहीत. जवळ जे होते त्यातूनच त्यांनी वाट काढली. हा गुण आपण घ्यावा. आणि आणखी एक. चांगली वस्तूसुद्धा वेळेवर केली तरच उपयोगी पडते. अभ्यासाचेही तसेच आहे. परीक्षा झाल्यावर पाठांतर करून काय फायदा?

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी