डॉ. मॅडॉक्स : अर्धा प्रयोग जगाला देणारा छांदिष्ट

स्मरणिकेत आपण नेहमी थोरामोठ्यांची चरित्रे वाचतो. या वर्षी ज्यांची ओळख करून देत आहे ते डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स फोटोग्राफीच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. पण आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोत त्यांचाही वाटा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

सूक्ष्मदर्शकातून फोटो काढण्याचा मला छंद आहे. कांद्याचा पापुद्रा, डासाचा पंख, डबक्यातल्या पाण्याचा थेंब, असे काहीही चालते. मोबाइलचा कॅमेरा भिंगाला नीट टेकवला की एका संध्याकाळी शंभर फोटो निघतात आणि त्यातले नव्वद पुसून टाकता येतात. मॅडॉक्स यांनाही हाच छंद होता. त्यांना मात्र त्याची किंमत प्रकृतीने मोजावी लागली.

मॅडॉक्स यांचा जन्म ४ ऑगस्ट १८१६ रोजी इंग्लंडमधील बाथ या गावी झाला. पेशाने ते डॉक्टर. काही वर्षे त्यांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूल येथे व्यवसाय केला. पुढे मायदेशी परतल्यावर ते साउदॅम्प्टनच्या परिसरात राहिले. प्रकृती मुळातच नाजूक होती. रोगी तपासून उरलेला वेळ ते सूक्ष्मदर्शकापाशी घालवत. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांची कवचे हा त्या काळच्या छांदिष्टांचा आवडता विषय होता. या कवचांवरची नक्षी इतकी बारीक असते की भिंगाची परीक्षाच त्यावर घेत. हाताने काढलेल्या चित्रात काढणाऱ्याची कल्पना मिसळते. फोटोत तसे होत नाही, म्हणून मॅडॉक्स फोटोकडे वळले.

तेव्हा फोटो काढणे म्हणजे एक कारखानाच होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत सर्वत्र रूढ होती. इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले कलोडियन काचेवर पसरायचे, ती काच अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. काच वाळली की संवेदनशीलता गेलीच. त्यामुळे फोटो घेऊन ती लगेच धुवावी लागे. साध्या फोटोला हे एक वेळ जमे. पण सूक्ष्मदर्शकातून प्रकाश फार थोडा येतो, म्हणून उघडीप जास्त वेळ द्यावी लागते, आणि इकडे काच तर वाळत चाललेली! त्यात बंद खोलीत इथरची वाफ. ती रोज हुंगून डॉक्टरांची तब्येत ढासळू लागली.

अशा वेळी बहुतेक लोक छंद सोडतील. मॅडॉक्स यांनी कलोडियन सोडायचे ठरवले. त्याच्या जागी दुसरे काय चालेल याचा शोध त्यांनी अगदी स्वयंपाकघरापर्यंत नेला. जवस, तांदूळ, साबुदाणा अशा अनेक पदार्थांच्या खळी त्यांनी करून पाहिल्या. शेवटी जिलेटिनपाशी येऊन ते थांबले.

कोमट पाण्यात विरघळलेल्या जिलेटिनमध्ये त्यांनी कॅडमियम ब्रोमाइड आणि सिल्व्हर नायट्रेट मिसळले. त्यातून सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म कण तयार झाले. जिलेटिनची खुबी अशी की ते या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. वाळल्यावर ते काचेवर घट्ट बसते आणि पुन्हा पाण्यात घातले की फुगून औषधाला आत वाट देते. म्हणजे काच आधी तयार करून ठेवा, सवडीने फोटो घ्या आणि नंतर धुवा. इथरची गरजच उरली नाही.

हा प्रयोग त्यांनी ८ सप्टेंबर १८७१ रोजी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. त्यांच्या काचा फारच मंद होत्या, त्यात दोष होते, आणि ते दूर करण्याइतकी सवड व ताकद त्यांच्यापाशी नव्हती. हे सारे न लपवता त्यांनी पुढचे काम इतरांवर सोपवले. पेटंटही घेतले नाही.

इतरांनी ते काम खरोखरच उचलले. दोन वर्षांत बर्जेस आणि केनेट यांनी आपापल्या सुधारणा केल्या. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी दाखवले की हे मिश्रण काही दिवस उबेत ठेवले तर त्याची संवेदनशीलता कितीतरी पटींनी वाढते. मग सेकंदाच्या अंशात फोटो निघू लागले आणि कॅमेरा तिकाटण्यावरून हातात आला. १८८० च्या सुमारास जॉर्ज ईस्टमन यांनी अमेरिकेत कोरड्या काचांचा धंदा सुरू केला. त्यातूनच पुढे कोडॅक उभी राहिली.

आमच्या रेल्वेच्या कामात वेल्डिंग आतून तपासायला क्ष-किरणांची फिल्म वापरतात. तिच्यावरचा थरही जिलेटिनचाच. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली एकेक चौकट टिपून रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. त्या ‘अंकुराची वाढ’ची फिल्मही याच कुळातली.

मॅडॉक्स यांना यातून धन मिळाले नाही. मान मिळाला, पण उशिरा. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने १९०१ मध्ये त्यांना प्रोग्रेस पदक दिले. ११ मे १९०२ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मला या माणसाचे मोठेपण शोधाइतकेच त्याच्या मोकळेपणात वाटते. काम पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायचे नाही, ही आपली रीत. मॅडॉक्स यांनी तसे केले असते तर कदाचित तो कागद त्यांच्या कपाटातच राहिला असता. अर्धे काम दोषांसह मोकळेपणाने पुढे ठेवले, म्हणून दुसऱ्यांना ते पूर्ण करता आले.

आपल्या मंडळातल्या मुलांना एक सुचवतो. बाप्पाला वाहिलेल्या जास्वंदीच्या फुलातले थोडे पराग काचेवर झटका आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. काटेरी चेंडूंची रासच दिसेल. त्याचा फोटो काढा, आणि पुसट आला तरी सर्वांना दाखवा.

गणपती बाप्पा मोरया!