‘शो बोट’चा संगीतकार जेरोम केर्न

जुन्या नाटकांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे वडील मंडळींस कथानक आठवत नाहीं, नटांचीं नांवें आठवत नाहींत, परंतु पदांच्या चाली मात्र सहज ओठांवर येतात. अमेरिकेंतील जुन्या पिढीच्या नाट्यरसिकांनीं ‘शो बोट’ या संगीत नाटकाची आठवण अशीच जतन केली. ज्यानें त्या चाली बांधल्या त्याचें चरित्र आम्हीं येथें थोडक्यांत सादर करीत आहोंत.

जेरोम केर्न याचा जन्म ता. २७ जानेवारी १८८५ रोजीं न्यूयॉर्क शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. पियानोचे पहिले धडे त्याला आईनेंच दिले. पुढें हें कुटुंब न्यूअर्क येथें राहावयास गेलें. तेथील हायस्कुलांत असतांना १९०१ सालीं शाळेच्या एका करमणुकीच्या खेळासाठीं त्यानें गाणीं रचलीं. मात्र शालेय शिक्षण त्यानें पुरें केलें नाहीं, हेंही पालकांदेखत सांगणें आम्हांस प्राप्त आहे! मुलानें आपल्या व्यापारांत पडावें अशी वडिलांची इच्छा होती. परंतु दोन पियानो खरेदी करावयास पाठविलें असतां तो २०० पियानोंचा सौदा करून आला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, व्यापार सुटला आणि संगीताचा अभ्यास सुरू झाला. तो न्यूयॉर्क व जर्मनींतील हायडेलबर्ग येथें शिकला, कांहीं काळ लंडनच्या नाटकगृहांतूनही त्यानें काम केलें.

१९१५ पासून न्यूयॉर्कच्या प्रिन्सेस थिएटरांत त्याचीं नाटकें गाजूं लागलीं. हें नाटकगृह अवघ्या २९९ खुर्च्यांचें होतें. तीं नाटकें गोड होतीं, पण त्यांतील गोष्टी हलक्याफुलक्याच होत्या.

१९२६ सालीं एड्ना फर्बर या लेखिकेची ‘शो बोट’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मिसिसिपी नदीवर गांवोगांव फिरणाऱ्या तरत्या नाटकगृहाची ती कथा आहे. केर्नला ती भावली, व त्याच्या आग्रहास्तव ऑस्कर हॅमरस्टीन यानें नाटक व पदें लिहिलीं. नाटकांतील ज्यूली ही नटी अंशतः नीग्रो वंशाची, तिचा पति गोरा. असा विवाह तेथें कायद्यानें गुन्हा असल्यामुळें त्यांना नौका सोडून जावें लागतें. नाचगाणें व थट्टामस्करी पाहावयास येणाऱ्या प्रेक्षकांपुढें असा विषय मांडणें हें मोठें धाडस होतें. ता. २७ डिसेंबर १९२७ रोजीं झीगफेल्ड थिएटरांत पहिला प्रयोग झाला. प्रेक्षक इतके स्तब्ध राहिले कीं, नाटक पडलें असें स्वतः झीगफेल्डला वाटलें, असें म्हणतात. परंतु दुसऱ्या दिवशीं तिकिटांसाठीं लोकांची रांग लागली. पुढें एकूण ५७२ प्रयोग झाले.

या संगीतांतील एक खुबी सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. नौकेचें नांव ‘कॉटन ब्लॉसम’. तें ज्या चार स्वरांवर उल्लासानें गाइलें जातें, त्यांचाच क्रम उलटा करून व लय मंद करून केर्ननें ‘ओल मॅन रिव्हर’ या गीताचा आरंभ केला आहे. वरचे लोक मौजेंत, खालीं ओझें वाहणारा मजूर, आणि दोघांची सुरावट एकच! पॉल रॉबसन यानें १९२८ सालीं लंडनमध्यें तें गाइलें, तेव्हांपासून गीत व गायक यांचीं नांवें कायमचीं जोडलीं गेलीं. मूळ पदांत नीग्रो लोकांस हिणविणारा शब्द होता, आणि क्वीनी या नीग्रो स्त्रीची भूमिका एका गोऱ्या नटीनें तोंडास काळा रंग लावून केली होती. ही उणीव आम्हीं झांकूं इच्छीत नाहीं. रॉबसननें पुढें शब्द बदलून त्या गीतांतील हताशपणाच्या जागीं झुंजण्याची भाषा आणली. चाल मात्र केर्नचीच राहिली.

नंतर केर्न बोलपटांकडे वळला. १९३६ व १९४१ या दोन सालांच्या गीतांस ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. १९४५ च्या नोव्हेंबरांत ‘शो बोट’ पुन्हां रंगभूमीवर आणण्याच्या तयारीसाठीं तो न्यूयॉर्कला आला असतां भर रस्त्यांत कोसळला. ज्याचीं गाणीं घरोघर गाइलीं जात होतीं, त्याला तेथें कोणीही ओळखलें नाहीं. खिशांत संगीतकारांच्या संघाचें ओळखपत्र सांपडलें, त्यावरून नांव कळलें. ता. ११ रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, तो निवर्तला. त्या वेळीं हॅमरस्टीन त्याच्या उशाशीं होता.

ता. ५ जानेवारी १९४६ रोजीं झीगफेल्ड थिएटरांतच पडदा वर गेला. त्या प्रयोगासाठीं केर्ननें एक नवें गीत बांधून ठेविलें होतें. तेंच त्याचें शेवटचें.